गजूचा हात

आठमच्या, म्हणजे जन्माष्टमीच्या, दिवशी बाराच्या सुमारास अनुसयाकाकूने भगरीचं पातेलं खाली उतरवलं आणि भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सोनालीला सांगितलं, की लूमचे पैसे गजूकडे आहेत.

सोनाली दाणे कुटत होती. "कुठले लूमचे?"

"भेस्तानचे. आणखी कुठले आहेत आपले?" काकूने पातेल्यावर ताट झाकलं. "तुझ्या काकांनी दिले. तीन दिवस झाले. वाढवून आणणार आहे म्हणे. चलथाणच्या बाजूला कुणाचं तरी फार्महाउस आहे, तिथे सातम-आठमला पत्त्यांचा मोठा डाव बसतो. आज चारला त्याचा मित्र येणार आहे न्यायला."

सोनालीने कुटणं थांबवलं. शेगडीजवळ बसलेल्या आईकडे, उषाबाईंकडे, पाहिलं. "माय, तुला माहीत होतं?"

"मला कोण काय सांगतं या घरात?" उषाबाई म्हणाल्या.

भेस्तानच्या एका शेडमध्ये चार जुने पॉवरलूम विकायला होते. सोनालीचे नाना शालिग्राम आणि काका हिलाल या दोघा भावांनी अमळनेर सोडल्यापासून बावीस वर्षं सुरतेतल्या उधन्यात दुसऱ्यांच्या खात्यांवर, म्हणजे लूमच्या कारखान्यांत, कापड विणलं होतं, आणि या चार लूमसाठी दोघांनी निम्मा-निम्मा वाटा जमवला होता. शालिग्रामचा वाटा बँकेत होता. हिलालचा वरच्या खोलीत, गव्हाच्या कोठीत. उद्या नवमीला दोन्ही एकत्र करून भेस्तानच्या शेठला द्यायचे ठरले होते. म्हणजे काकू सांगत होती तो वाटा आज कोठीत नव्हता, गजेंद्रच्या बॅगेत होता. सोनालीचा धाकटा भाऊ गजेंद्र वीस वर्षांचा होता, टेक्स्टाइलच्या डिप्लोमाला होता आणि या क्षणी बाहेरच्या खोलीत पंख्याखाली झोपला होता.

"काकांनी का दिले पण?"

"चारऐवजी सहा लूम घेतले तर शेडचं भाडं सुटतं, असं त्यांचं म्हणणं. दोन लूमचे कमी पडतात. भाऊजींना विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. म्हणून मग गजूचा हात."

"गजूचा हात म्हणजे काय, काकू?"

"आता तूच विचार मला. बारा वर्षं बघतेस ना?"

उषाबाईंनी आमटी ढवळली. सोनालीला वाटलं होतं, त्या चिडतील. त्या म्हणाल्या, "हिलालभाऊंनी विचारायला पाहिजे होतं, ते खरं. पण पोराचा हात चांगला आहे, हे काही खोटं नाही. दर आठमला तोच जिंकतो."

हे खरं होतं. अमळनेरला आठमला कुणी पत्त्यांना हात लावला नव्हता. सुरतेत आल्यावर शेजारच्या रमणभाईंनी हसत सांगितलं होतं, आठमला पत्ते नाही खेळायचे तर सुरतेत राहता तरी कशाला? आणि त्यांनीच शालिग्रामला तीन पत्ती शिकवली. पंच्याऐंशी साली घरात पहिला डाव बसला. चार आण्यांची नाणी, सहा माणसं, उपासाचं जेवण झाल्यावर तीन तास. आठ वर्षांच्या गजूसमोर शेवटी नाण्यांचा सगळ्यात मोठा ढीग होता. तेव्हापासून दरवर्षी. काविळीत झोपून होता ते एक साल सोडलं तर दरवर्षी. प्लेगच्या सालीसुद्धा; पळापळ त्यानंतर तीन आठवड्यांनी झाली.

सोनालीने हात धुतले, बाहेर जाऊन झोपलेल्या भावाच्या उशाशी पडलेला त्याचा कॅल्क्युलेटर उचलला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून सहाचा अकरावा घात काढला. ती संख्याशास्त्रात एम.एस्सी. करत होती. असली गणितं तिने शेकड्यांनी सोडवली होती, पण घराचं एकही सोडवलं नव्हतं. उत्तर छत्तीस कोटी अठ्ठावीस लाखांच्या जवळपास आलं. सहा जणांतला एक ठरावीक माणूस सलग अकरा वेळा नुसत्या पानांच्या जोरावर पहिला येण्याची शक्यता छत्तीस कोटींत एक.

याचे दोन अर्थ होऊ शकत होते. आपला भाऊ अपवाद आहे, हा एक. आकडे जिथून आले तिथेच काहीतरी बिघडलंय, हा दुसरा. कॉलेजात दुसरा आधी तपासायला शिकवत.

तिला तीन राण्या आठवल्या. ती पंधरा वर्षांची होती. हातात तीन राण्या होत्या. समोर गजूचा खालचा ओठ थरथरत होता, कारण त्याने सगळी नाणी चालीत टाकली होती. ती 'पॅक' म्हणाली होती आणि पानं पालथी टाकून दिली होती. त्यानंतरच्या वर्षीही एकदा. त्यानंतरही. तिने मोजलं नव्हतं, कारण ते फक्त तिचं आणि क्वचितचं होतं, असं तिला वाटत होतं.

"माय," तिने विचारलं, "गजूसमोर तू कधी चांगली पानं टाकलीस?"

उषाबाईंनी अनुसयेकडे पाहिलं, मग आमटीकडे. "टाकायची मी. एक्क्याची जोडी असली तरी पॅक म्हणायची. त्या साली गावाहून आला होता. शाळेत गुजराती कळायचं नाही, पोरं चिडवायची. घरी तरी जिंकू दे म्हटलं. पण मी एकटीच. बाकीचे काय, खरं खेळत होते."

"बाई, एकट्या कशा तुम्ही?" अनुसया म्हणाली. "मी तर पानं बघायचीच नाही. त्याने चाल दिली की मी पॅक."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

आमटी उतू जायला आली तेव्हा उषाबाईंनी गॅस बारीक केला.

*

लूम बंद असले की हिलालच्या कानात लूम वाजत. सणाला खाती दोन दिवस बंद राहत, आणि त्या दोन दिवसांत त्याला गच्चीवर बसलेलं बरं वाटे. तिथे निदान वारा असे. तो पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून तंबाखू मळत होता तेव्हा सोनाली वर आली. बावीस वर्षं खात्यात काढलेल्या माणसाशी कुजबुजता येत नाही. ती अगदी जवळ बसली.

"काका, खरं सांगा. आठमच्या डावात गजूसाठी तुम्ही पानं टाकलीत कधी?"

हिलाल हसला. "मी? एक-दोनदा."

"एक-दोनदा म्हणजे?"

"दर सालाला एक-दोनदा. पार शेवटी. मोठा डाव असला की."

"मोठ्या डावातच?"

"मोठ्यातच. छोट्यात हरला तर चालतं, मोठ्यात हरला तर पोरगं रडे ना." त्याने तंबाखू दाढेखाली ठेवली. मग त्याला ती का विचारतेय हे लक्षात आलं. "अनुसयाने सांगितलं तुला."

"सांगितलं."

"हे बघ बेटा, मी टाकली असतील दोन-चार. पण बाकीचे चौघे तर खरं खेळत होते. त्यांना हरवलंच ना त्याने?"

"माय एक्क्यांची जोडी टाकायची. काकू पानं उचलूनसुद्धा बघायची नाही. मी तीन राण्या टाकल्यात."

हिलालने टाकीवर डोकं टेकलं. गेले तीन महिने तो खात्यात आठ लूमच्या मधल्या गल्लीतून येरझाऱ्या घालताना सहा लूम बघत होता. चार तर आहेतच. भिंतीला लागून आणखी दोन. त्या दोन्हींची जागासुद्धा ठरली होती. गजूने कॉलेजच्या मुलांकडून जिंकलेल्या नोटा त्याला एकदा दाखवल्या होत्या, आणि हिलालला त्यात नवल वाटलं नव्हतं. तो हात त्याने लहानपणापासून पाहिला होता.

"भाऊ?" त्याने विचारलं.

"नानांना अजून विचारलं नाही."

"मग विचार. भाऊ खोटं खेळणार नाही. सख्ख्या भावाला फुकटचा चहा पाजत नाही तो." हिलाल उठला. "भाऊने खरं खेळून पोरगं जिंकलं असेल तर माझं काही चुकलं नाही. चल, मी पण येतो."

शालिग्राम वरच्या खोलीच्या गॅलरीत चष्म्याची मोडकी काडी दोऱ्याने बांधत होता. सोनालीने विचारल्यावर त्याने चष्मा खाली ठेवला नाही. दोऱ्याला गाठ मारून उरलेला दोरा दाताने तोडला.

"मी कशाला पॅक करू?" तो म्हणाला.

हिलालने पुतणीकडे पाहिलं. "बघ. सांगितलं ना?"

"पत्ते वाटायचं काम माझ्याकडे होतं," शालिग्राम पुढे म्हणाला. "एक्का तळाला ठेवायचा आणि त्याच्या पाळीला खालून काढायचा. रमणभाईंनी दाखवलं होतं, गंमत म्हणून. तीन तासांत चार-पाच वेळा. जास्त केलं असतं तर तुम्हाला कळलं असतं."

हिलालचं तोंड थोडं उघडं राहिलं. "भाऊ, तू बी?"

"मी बी."

"काब्र पण? कशाला?"

शालिग्रामने विचार केला. पहिल्या साली गजू शाळेतून आला की कोपऱ्यात बसून दप्तराचा बंद चघळत असे. मास्तरांनी सांगितलं होतं, हा वर्गात तोंडच उघडत नाही. त्या आठमला नाणी जिंकल्यावर तो पहिल्यांदा मोठ्याने बोलला होता, आणि तेही गुजरातीत: 'हुं जीत्यो.' शालिग्रामला हे सगळं सांगता आलं नसतं. तो एवढंच म्हणाला, "बोलायला लागला ना तो." मग चष्मा डोळ्यांवर ठेवून त्याने विचारलं, "पण आज हे सगळं कशाला निघालं?"

सांगायचं कोणी, हा प्रश्न होता. सोनाली काकांकडे बघत राहिली. शेवटी हिलालनेच सांगितलं, आणि त्याच्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, त्यामुळे ते खालच्या खोलीत दोघी जावांनी ऐकलं, झोपेतून उठलेल्या गजेंद्रने ऐकलं, आणि बहुधा रमणभाईंनीही.

*

गजेंद्र वर आला तेव्हा त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि केस ओले होते. त्याच्यामागून आई आणि काकू आल्या. घरातले सगळे उभे होते. म्हणून तो बसला.

"काय कोर्ट भरलंय?" तो म्हणाला. "काकांनी मला दिले, मी मागितले नव्हते. आणि उद्या सकाळी सहा लूमचे पैसे इथे असतील. मग बोला."

"तुला कुणी हरवलंच नाही, गजू," सोनाली म्हणाली. "घरातल्या डावात आम्ही सगळे तुला जिंकू द्यायचो."

तिने एकेकाचं सांगितलं. आईचे एक्के, काकूची न उचललेली पानं, काकांचे शेवटचे मोठे डाव, तिच्या राण्या, नानांचं खालून वाटणं. ती क्रमाने सांगत गेली आणि मध्ये कुणी तिला खोडलं नाही. गजेंद्रला वाटलं, कुणीतरी आता हसेल.

"म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं?"

"मिळून नाही. एकेकट्याने. आजच कळलं आम्हाला."

"ताई, तू बरी गोष्ट रचतेस. मला अडवायला."

"रचायची असती तर बरी रचली असती," अनुसया म्हणाली. "आम्हाला खोटारडे ठरवणारी कशाला रचेल?"

"बरं, घरचं सोडा. कॉलेजमध्ये? कँटीनच्या मागे दोन वर्षं खेळतोय मी. तिथे पण तुम्ही पानं टाकत होता काय?"

"तिथे किती दिवस जिंकलास?" सोनालीने विचारलं.

"खूप."

"कधी-कधी?"

त्याने भराभर सांगितलं. गणपतीच्या आधी, नवरात्रात, भावेशचं घड्याळ जिंकलं तो दिवस, मेकॅनिक्सच्या पेपरच्या आदल्या दिवशी. तारखा त्याला पाठ होत्या.

"आणि हरलेले दिवस?"

"ते कोण लक्षात ठेवतं यार?"

"जिंकलेले तर ठेवलेस."

गजेंद्रचा तो मेकॅनिक्सचा पेपर राहिला होता, हे घरात माहीत नव्हतं. त्यांच्या चाळीस जणांच्या वर्गातले आठ जण कँटीनमागे बसत. एकाने ड्रॉइंग बोर्ड विकला होता. एक जण दिवाळीनंतर यायचाच बंद झाला होता. त्याच्याबद्दल कुणी बोलत नसे. पण त्या आठांत हात फक्त आपल्याकडे आहे, हे गजेंद्रला ठाऊक होतं, जसं आपल्याला पोहता येतं हे पोहणाऱ्याला ठाऊक असतं.

"माझ्याकडे पानं येतात," तो म्हणाला. "मला आतून कळतं."

"मग बघू," सोनाली म्हणाली. "आत्ता. तू पिस, तूच वाट. चाल नाही, पॅक नाही. तीन-तीन पानं वाटायची आणि सगळ्यांनी लगेच उघडायची. ज्याची मोठी, त्याचा डाव. कुणाला काही लपवताच येणार नाही."

"यात खेळ कुठे आहे? खेळ चालीत असतो."

"तू चालीचं नाही म्हणालास. पानं येतात म्हणालास."

शालिग्राम सतरंजीवर बसला. मग हिलाल. उषाबाई म्हणाल्या, "उपासाच्या दिवशी काय एकेक," आणि त्याही बसल्या. सोनालीने कॅलेंडरचं जुलैचं पान फाडून पाठीमागे सहा नावं लिहिली. "चोवीस डाव. सहा जण. काही विशेष नसेल तर प्रत्येकाला साधारण चार."

गजेंद्रने गड्डी पिसली. पिसताना त्याचे हात हलके चालत. ते हिलालने पाहिलं आणि नाइलाजाने त्याला बरं वाटलं.

पहिल्या डावात गजेंद्रला राजांची जोडी आली. दुसऱ्या कुणाकडे जोडी नव्हती.

"बघा," तो म्हणाला.

"एक," सोनालीने रेघ मारली.

दुसरा शालिग्रामचा. तिसरा अनुसयेचा, ती पानं पोळीसारखी पंज्यावर धरून विचारत होती, "हे चांगले की वाईट?"

"कलर आहे, काकू, तिन्ही पानं एकाच रंगाची. तुमचा डाव."

"अगं बाई."

चौथा हिलालचा, पाचवा पुन्हा अनुसयेचा. सहाव्याला गजेंद्रकडे एक्का, गुलाम, सात होते, आणि उषाबाईंकडे तिऱ्यांची जोडी. सातव्या डावापासून तो पानं वाटण्याआधी गड्डी दोनदा पिसू लागला. दहाव्याला त्याला सिक्वेन्स आला आणि त्याने ओठ मिटून घेतले, कुणाकडे पाहिलं नाही. मग सहा डाव काही नाही. काही नाही म्हणजे दश्शी, छक्की, चौकी. वेगवेगळ्या रंगांची, एकमेकांशी संबंध नसलेली पानं. अशी पानं आयुष्यात त्याला शेकडो वेळा आली असणार. त्याने ती कधी पाहिली नव्हती. ती टाकून द्यायची पानं होती. आज ती सतरंजीवर उघडी पडून राहत होती आणि सगळे बघत होते.

"एकोणीस," सोनाली म्हणाली. तिच्या आवाजात काही नव्हतं. ती स्वतः एकच डाव जिंकली होती.

चोविसाव्या डावानंतर तिने रेघा मोजल्या. अनुसया सात, हिलाल पाच, उषाबाई चार, शालिग्राम तीन, गजेंद्र तीन, सोनाली दोन.

"सात?" अनुसया म्हणाली. "मग चलथाणला मलाच पाठवा."

उषाबाईंना हसू आलं. त्यांनी ते पदराने दाबलं.

"चोवीसने काय होतं?" गजेंद्र म्हणाला. "आणखी चोवीस."

"खेळ. पन्नास खेळ. मी लिहिते."

त्याने पानं गोळा केली. गड्डी दोन भागांत केली, अंगठ्यांनी वाकवली. आणखी चोवीस. हा शब्द त्याने कालही वापरला होता. आणखी एक तास. आणखी पाच डाव. तोच स्वर, तीच घाई. गड्डी त्याच्या हातात वाकलेली राहिली.

"काल गेलो होतो मी," तो म्हणाला.

"कुठे?" हिलालने विचारलं.

"चलथाणला."

"काल सातम होती. मी आठमला बस म्हणालो होतो तुला."

हिलालला आपलं वाक्य उशिरा ऐकू आलं.

"किती राहिले?" शालिग्रामने विचारलं.

"थोडे. बॅगेत आहेत. त्यावर आज सगळे परत आणणार होतो. काकांना कळायच्या आत." त्याने गड्डी खाली ठेवली. "म्हणून जायचं होतं."

उषाबाई अर्धवट उठल्या, हात उगारल्यासारखा झाला, आणि त्या पुन्हा बसल्या. अनुसया जागची हलली नाही. तिच्यासमोर सात डावांच्या रेघा असलेला कागद होता. तो तिने उलटा केला. "म्हणजे हे आता म्हातारपणापर्यंत उधन्यालाच," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "बारा-बारा तास."

"काकू, मी..."

"तू थांब. मी तुला बोलत नाहीये. कोठीतून काढून दिले त्यांना बोलतेय."

शालिग्रामने चष्मा काढला आणि काडी दोऱ्यापाशी तपासली. "उद्या भेस्तानला मी जातो," तो म्हणाला. "माझ्या वाट्यात दोन लूम येतात. दोघांच्या नावावर घेऊ."

"भाऊ, ते तुझे आहेत."

"पत्ते मी वाटले होते."

उषाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांना विचारलं नव्हतं. काही क्षणांनी त्यांनी मान डोलावली, पण अनुसयेकडे बघून.

सोनाली अजून कालच्या दिवसापाशीच होती. तिला क्रम हवा होता. "काल किती वाजता बसलास?"

"दहाला."

"पहिल्यापासून हरत होतास?"

"नाही." गजेंद्रच्या चेहऱ्यावर, एवढं होऊनही, त्या आठवणीचा थोडा उजेड आला. "पहिल्यांदा तर मीच जिंकत होतो. दीडपर्यंत. मोठे डाव सगळे माझे. तिथे शेठ म्हणून होता एक, तो सगळ्यांना म्हणाला, पोराचा हात बघा. त्याने स्वतः उठून मला लस्सी दिली. मग दीडनंतर मी मोठं लावायला लागलो, आणि..."

"दीडपर्यंत बाकीचे काय करत होते?"

"बाकीचे?" गजेंद्र म्हणाला. "पॅक करत होते."

खोलीतले पाचही जण त्याच्याकडे बघत होते. मग एकेकाने नजर काढून घेतली. उषाबाईंनी आधी, मग शालिग्रामने. तिथलेही जिंकू देत होते, हे गजेंद्रला सगळ्यात शेवटी कळलं. तोवर त्याच्यासमोर फक्त सोनाली बघत उरली होती, आणि तिलाही आता बघवत नव्हतं.

खाली स्कूटरचा हॉर्न वाजला. दोनदा, मग एकदा लांब.

"गजु! एय गजु! चाल ने यार, मोडुं थाय छे!" उशीर होतोय म्हणून खालून कुणीतरी ओरडलं.

गजेंद्र उठून गॅलरीत गेला. खाली अमित होता, कॉलेजातला, डोळ्यांवर नवा गॉगल.

"आज नहीं आता," गजेंद्र वरून म्हणाला.

"शुं? अरे शेठ सवार से पूछ रहे हैं तेरे को. जगह रखी है तेरी."

"नहीं रखने का बोल."

"क्या बोलूँ? तबियत?"

"तबियत अच्छी है."

"तो?"

समोरच्या ओट्यावर रमणभाईंच्या सुना काकड्या चिरत होत्या. त्यांचे हात थांबले होते. गजेंद्रने गॅलरीचा लोखंडी गज धरला.

"बोल उसको, मेरा हाथ अच्छा नहीं है," तो म्हणाला. घरातल्या सगळ्यांसारखाच मोठ्याने बोलला. "कभी था ही नहीं."

अमित हसला. त्याला ती थट्टा वाटली. "चल बे. दस मिनिट रुकता हूँ. चप्पल पहन के आ." त्याने स्कूटर स्टँडवर चढवली. इंजिन बंद केलं नाही.

हिलाल सतरंजीवरून उठला. गुडघे धरून, सावकाश. अनुसयेने त्याच्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही. तो गॅलरीत गेला आणि पुतण्याच्या शेजारी उभा राहिला, खांद्याला खांदा लागणार नाही एवढं अंतर ठेवून. खालचं इंजिन त्याला ऐकू येत होतं की कानातलेच लूम, हे त्याला नीट सांगता आलं नसतं. गजू खाली उतरू लागला तर आपण काय करणार, हेही त्याने ठरवलं नव्हतं. गजूने गज सोडला नव्हता, आणि त्याच्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या.

दहा मिनिटं झाली. अमितने घड्याळ पाहिलं, वर पाहिलं, आणखी पाच मिनिटं थांबला आणि एकटाच निघून गेला. तोवर दोघांपैकी कुणीही गॅलरीतून हललं नाही.